हरणाच्या दाढेतला हिशेब

हंगाम म्हटलं की आपल्याला आंबा नाहीतर ऊस आठवतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरचा हंगाम म्हणजे हरणांच्या शिकारीचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. बंदुकीने शिकार करण्याचं लायसन्स साडेपाच लाखांच्या आसपास लोक काढतात. ज्यांची स्वतःची जमीन नाही ते सरकारी जंगलात जातात. उत्तरेकडचं शेवामेगन-निकोले हे एकच राष्ट्रीय वन सुमारे 15 लाख एकरांचं आहे.

भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हे चित्र आपल्या कल्पनेतही बसत नाही. शिकारीचं समर्थन करायला मी हे लिहीत नाही. पण या नऊ दिवसांत जंगलाविषयी जेवढी माहिती गोळा होते तेवढी एरवी वर्षभर फिरूनही मिळणार नाही, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

कपड्यांपासूनच बघा. शिकाऱ्याने भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग घालावा, असा तिथला नियम आहे. माणसाला माणूस लांबून दिसावा म्हणून. मग हरणाला तो दिसत नाही का? हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. तांबडा आणि हिरवा वेगळा करणारी तिसरी नसते. त्यामुळे नारिंगी जॅकेट त्याला आसपासच्या पाल्यासारखंच भासतं. ताडोबातला वाघ आपल्याला झळझळीत दिसतो आणि चितळासाठी गवतात हरवून जातो, त्याचंही कारण हेच.

आता खरा प्रश्न. पांढऱ्या शेपटीची हरणं दाट झाडीत राहतात, बरीचशी संधिप्रकाशात फिरतात. ती मोजायची कशी?

मारलेल्या हरणांचे जबडे उघडून. खाटकाकडे हरणं येतात तिथे वन्यजीव खात्याची माणसं टॉर्च घेऊन उभी असतात. गाल थोडा कापून ती खालच्या जबड्यातली पुढून तिसरी दाढ बघतात. पाडसाच्या या दुधाच्या दाढेला तीन भाग असतात. दीड वर्षाच्या सुमारास ती पडते आणि तिच्या जागी दोनच भागांची दाढ येते. नोव्हेंबरात दीड वर्षाच्या नराची दुधाची दाढ झिजून गुळगुळीत झालेली असते, नाहीतर शेजारच्या डागाळलेल्या दाढांमध्ये नवी दाढ पांढरीशुभ्र डोकावत असते. वय कळायला काही सेकंद पुरतात.

यावरून हिशेब असा. शंभर प्रौढ नरांमध्ये साठ दीड वर्षांचे निघाले, म्हणजे ते यंदाच प्रौढांत दाखल झाले. कळपाची एकूण संख्या स्थिर असेल, तर वर्षभरात तितकेच, म्हणजे साठ टक्के नर जातात. त्यातले जवळजवळ सगळे बंदुकीनेच मेले असं धरलं आणि त्या भागात सहा हजार नर मारले गेले असतील, तर हंगामाआधी सुमारे दहा हजार होते. माद्यांचं आणि पाडसांचं प्रमाण वेगळ्या निरीक्षणांतून घेऊन गुणलं की पूर्ण आकडा येतो. कडक हिवाळ्याने संख्या हलली, किंवा शिकारी मोठ्या शिंगांचेच नर निवडू लागले, की हा अंदाज चुकतो. तरीही दाढेवरून जंगल मोजण्याची ही युक्ती मला विलक्षण वाटते.

हरणं फार झाली तर हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची रोपं आणि ट्रिलियमसारखी रानफुलं खुडली जातात, म्हणून मोजायचं. आणि 2002पासून आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर 2001च्या हंगामात मारलेल्या तीन हरणांमध्ये ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ सापडला. त्याचं मूळ जिवाणूही नाही, विषाणूही नाही. चुकीची घडी पडलेलं एक प्रथिन, प्रायॉन. ते शेजारच्या निरोगी प्रथिनालाही तशीच घडी घालायला लावतं. मेंदू सच्छिद्र होत जातो, हरीण खंगत मरतं. लाळेतून, विष्ठेतून प्रायॉन मातीत उतरतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून जिथे हा रोग आढळतो त्या भागांत हरणांना मका घालायला बंदी आहे. एकाच ढिगाऱ्यात दहा तोंडं जायला नकोत.

सुरुवातीची दीड-दोन वर्षं आजारी हरीण अगदी धडधाकट दिसतं. मग तपासणीसाठी घशामागच्या लसिकाग्रंथी काढून प्रयोगशाळेत पाठवतात. हा रोग माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण शिजवून प्रायॉन मरत नाही. रोगबाधित हरणाचं मांस खाऊ नये, असा अमेरिकी आरोग्यतज्ज्ञांचा सल्ला आहे. त्यामुळे कितीतरी घरांत डिसेंबरभर हरणाच्या नंबराची चिठ्ठी लावलेली मांसाची पाकिटं फ्रीझरमध्ये तशीच पडून असतात, अहवालाची वाट बघत.