फितूर कोण? ‘बॅबिलॉन ५’मधल्या संशयाची पार्श्वभूमी

‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकी विज्ञान-मालिकेतल्या अवकाशस्थानकावर मनकवडी लिटा अलेक्झांडर दोन वर्षांनी परत येते ती पळून, लपतछपत. येताना बातमी आणते ती भयंकर. स्थानकाचा प्रमुख कॅप्टन शेरिडन याच्या जवळच्या माणसांपैकी कुणाच्या तरी डोक्यात साय कोअरने दुसरंच एक व्यक्तिमत्त्व दडवून ठेवलंय. साय कोअर म्हणजे मनकवड्या माणसांवर ताबा ठेवणारी पृथ्वीची संघटना. ज्याच्या डोक्यात हे चाललंय त्याला स्वतःलाही पत्ता नाही. लिटाला एक परवलीचा शब्द ठाऊक आहे. तो तिने मनातल्या मनात त्या माणसाकडे पाठवला, की आतला फितूर वर येणार आणि मूळचा माणूस कायमचा पुसला जाणार.

मग एकेकाची तपासणी सुरू होते. १९९५ साली दाखवलेला ‘डिव्हायडेड लॉयल्टीज’ हा ‘बॅबिलॉन ५’चा भाग आजही बघावा तो या तपासणीसाठी. एकजण सुटतो, दुसरा सुटतो आणि शेरिडनच्या हाताखालची अधिकारी इव्हानोव्हा ठाम नकार देते. माझ्या डोक्यात कुणी डोकवायचं नाही, म्हणते. झालं, बघणाऱ्याचं बोट तिच्याकडे वळतं. तिचं कारण मात्र वेगळंच असतं. तिच्यात जन्मतःच थोडं मनकवडेपण आहे आणि ते साय कोअरपासून तिने आयुष्यभर लपवलंय. शेवटी ती तयार होते, सुटते, आणि तेवढ्यात स्थानकावरची मनकवडी टॅलिया विंटर्स आत येते. लिटा शब्द पाठवते आणि टॅलियाचा चेहराच बदलतो. इव्हानोव्हाचं मन जिच्यात गुंतायला लागलं होतं, नेमकी तीच.

फितूर टॅलिया, हे मात्र मुळात ठरलेलंच नव्हतं.

मालिकेचा कर्ता जे. मायकल स्ट्राझिन्स्की. पाच वर्षांची एकच सलग गोष्ट सांगायची, सुरुवात, मध्य आणि शेवट आधी ठरवून, हा त्याचा हट्ट. तो त्याने बऱ्यापैकी तडीसही नेला: ११० भागांपैकी ९२ त्याने स्वतः लिहिले. पण टीव्हीवर नट टिकतीलच याची खात्री कोण देणार? म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पात्रामागे त्याने एक चोरदरवाजा ठेवला होता. नट गेला, आजारी पडला, पैशांवरून बिनसलं, तर ते पात्र त्या दारातून बाहेर काढायचं आणि त्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं.

फेब्रुवारी १९९३ मध्ये दाखवलेल्या पायलटमध्ये, म्हणजे मालिकेआधीच्या चाचणी-भागात, स्थानकाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी होती लॉरेल टाकाशिमा. व्हॉर्लन या परग्रहवासीयांचा राजदूत कोश स्थानकावर पाय ठेवतो न ठेवतो तोच त्याच्यावर विषप्रयोग होतो आणि त्या भानगडीत आतलंच कुणीतरी सामील असावं अशी शंका उरते. स्ट्राझिन्स्कीने नंतर सांगितलं, की छुपं व्यक्तिमत्त्व असलेली फितूर ही टाकाशिमाच होणार होती. पहिल्या पर्वाच्या शेवटी सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डीच्या पाठीत गोळी घालणारीही तीच. पण भूमिका करणारी टॅमलिन टोमिटा पुढे मालिकेत आलीच नाही. तिच्या जागी इव्हानोव्हा आली, गोळी झाडण्याचं काम गॅरिबाल्डीच्या हाताखालच्या एका अधिकाऱ्याकडे गेलं, आणि झोपलेल्या फितुराचं बिऱ्हाड पुढे टॅलियाकडे हललं.

लिटाही पायलटनंतर गेलेली, कारण अभिनेत्रीशी कराराचं जमलं नाही. तिची मनकवडीची जागा भरायला टॅलिया आली. मग दुसऱ्या पर्वात टॅलियाचं काम करणाऱ्या अँड्रिया थॉम्पसनला आपल्या वाट्याला फारसं काही येत नाहीसं वाटलं आणि तिने निघायचं ठरवलं. तेव्हा टॅलियाला बाहेर काढायला परत कोण आली, तर लिटा! गोष्टीतली ही सुरेख गाठ खरं तर हजेरीपटाने मारलेली आहे.

यात एक धागा लोंबकळत राहिला तो राहिलाच. पहिल्या पर्वात कोश टॅलियाला एका विचित्र वाटाघाटीला बसवतो आणि तिच्या मनाची नोंद एका स्फटिकात करून ठेवतो. पुढे ती नोंद कामाला येणार होती. अभिनेत्रीच गेल्यावर तो स्फटिक कोशाच्या कपाटातच राहिला म्हणायचा. आणखी एक गंमत: गॅरिबाल्डीला गोळी कुणी घातली हे त्याच्या आठवणीत शिरून शोधायला मदत करते ती टॅलियाच. पहिला फितूर पकडून देणारी बाई हीच दुसरी फितूर. दुसऱ्यांदा बघताना हा प्रसंग फार बेरकी वाटतो. तो लिहिताना लेखकाच्या मनात ते किती होतं, याबद्दल मी जरा साशंकच आहे.

कोण फितूर, यावर प्रेक्षकांनी तर्क लढवणं तोवर नवं राहिलं नव्हतं. १९८० साली ‘डॅलस’ मालिकेत खलनायक जे. आर.वर गोळी कुणी झाडली, हा प्रश्न अमेरिकेला मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत पुरला. ‘बॅबिलॉन ५’चा वेगळेपणा असा, की तिचा लेखक प्रेक्षकांच्या त्याच चावडीवर बसलेला असे. मालिका पडद्यावर येण्याच्याही आधीपासून स्ट्राझिन्स्की संगणक-जाळ्यांवर रोज लोकांना उत्तरं देत होता. त्याने एकच पथ्य पाळायला सांगितलं होतं: कथेच्या कल्पना माझ्यासमोर मांडू नका. उद्या कुणी म्हणालं, माझी कल्पना चोरली, तर कोर्टाची पायरी चढावी लागायची.

आणि झालंही तसंच काहीसं. मन पुसून नवा माणूस घडवलेल्या गुन्हेगाराला जुनं आठवायला लागलं तर, असा तर्क एका चाहत्याने सहज मांडला. नेमकी तशीच पटकथा स्ट्राझिन्स्कीच्या डोक्यात तयार होती. ती त्याला बाजूला ठेवावी लागली. त्या चाहत्याने कायदेशीर लेखी हमी दिली तेव्हा कुठे ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ हा भाग चित्रित झाला. तर्क बरोबर आला म्हणून भाग अडकला, अशी उदाहरणं टीव्हीच्या इतिहासात थोडीच असतील.

या सगळ्याला एक ब्रिटिश पूर्वजही आहे. बीबीसीची ‘ब्लेक्स ७’ ही मालिका १९७८ ते १९८१ चालली आणि तिचा आपल्यावरचा प्रभाव स्ट्राझिन्स्कीने मोकळेपणी मान्य केला आहे. जुलमी फेडरेशनविरुद्ध लढणारी मूठभर माणसं, त्यांचा ध्येयवेडा पुढारी ब्लेक आणि त्याच्या शेजारी पॉल डॅरोने रंगवलेला आपमतलबी, थंड डोक्याचा एव्हन. पहिल्या पर्वापासून सगळे एव्हन कधी उलटतो याचीच वाट बघत होते. ब्लेकचं काम करणारा गॅरेथ थॉमस दुसऱ्या पर्वानंतर निघून गेला आणि पुढे मालिका एव्हननेच ओढली. २१ डिसेंबर १९८१ च्या शेवटच्या भागात दोघे समोरासमोर येतात. आपली माणसं पारखण्यासाठी ब्लेकने इनामासाठी माणसं पकडणाऱ्याचं सोंग घेतलेलं असतं. एव्हनला वाटतं, यानेच दगा दिला, आणि तो गोळ्या झाडतो. खरी फितूर निघते ती ब्लेकने नुकतीच भरती केलेली मुलगी. ऐन नाताळच्या आठवड्यात मालिकेने ब्रिटिश घराघरांना हे दाखवलं.

‘बॅबिलॉन ५’नेही हाच डाव आणखी एकदा खेळून पाहिला, चौथ्या पर्वात, आणि मला तो टॅलियापेक्षा सरस वाटतो. गायब झालेला गॅरिबाल्डी परत येतो तो तिरसट होऊन. नोकरी सोडतो, शेरिडनवर जाहीर टीका करतो आणि शेवटी आजारी वडिलांच्या निमित्ताने त्याला मंगळावर बोलावून शत्रूच्या हवाली करतो. इथे लपवाछपवी काहीच नाही. तो बदललाय हे सगळ्यांना दिसतंय. का, एवढंच कळत नाही. ते कळतं तेव्हा साय कोअरचा बेस्टर त्याच्यासमोर उभा असतो आणि गॅरिबाल्डीला स्वतःच केलेलं सगळं आठवत असतं.

पुढच्या काळात योजना आधी आखण्याचा आग्रहच सुटला. नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘२४’ या अमेरिकी मालिकेत नायकाची सहकारी नीना मायर्स फितूर निघते, पण सुरुवातीला लेखकांनी ते ठरवलेलं नव्हतं. म्हणून तिचे आधीचे काही प्रसंग नंतर जुळता जुळत नाहीत. या मालिकेची भारतीय आवृत्ती ऑक्टोबर २०१३ मध्ये आली. दिग्दर्शक अभिनय देव, म्हणजे रमेश आणि सीमा देव यांचा मुलगा. तिथे अडचण उलटी होती: मूळ मालिका बघितलेला माणूस मंदिरा बेदीच्या निकिताकडे पहिल्या भागापासून तिरप्या नजरेने बघणार, हे उघडच होतं.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ने तर आपल्यातले सायलॉन, म्हणजे माणसासारखे दिसणारे शत्रू-यंत्रमानव, कोण, हा प्रश्नच मालिकेचा कणा केला. सायलॉनांची योजना आहे, असं श्रेयनामावलीत बजावणाऱ्या त्या मालिकेकडे स्वतःकडे तशी योजना नव्हती. मार्च २००७ मध्ये लपलेल्या पाच सायलॉनांपैकी चौघे एका खोलीत जमतात आणि आपण कोण ते त्यांना उमगतं. ही कल्पना मालिकेचा कर्ता रोनाल्ड मूर याला लेखकांच्या बैठकीत डोकं पिकल्यावर सुचलेली. पाचवा कोण, यावर मग जवळजवळ दोन वर्षं पैजा लागल्या. मध्ये लेखकांचा संप येऊन गेला. जानेवारी २००९ मध्ये नाव फुटलं: एलन टाय. तिसऱ्या पर्वात शत्रूला खबर दिली म्हणून नवऱ्यानेच तिला विष पाजून मारलेलं होतं.