चुन्याची चिमूट पेशीच्या दारात काय करते?

गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा, सत्तर रोग पळतील, असा एक निरोप आमच्या निपाणी भागात वर्षानुवर्षं मोबाइलवर फिरतोय. सत्तर रोगांचं सोडा. इकडे चुना रोज तोंडात जातो तो तंबाखूबरोबर, आणि तिथे तो एक काम फार चोख करतो.

चंचीतली चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायची, चुनाळ्यातला चुना नखाने काढून अंगठ्याने मळायची, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि खालच्या ओठात बार भरायचा. चुना कशाला, विचारलं तर उत्तर येतं, "त्याशिवाय लागत न्हाई." उत्तर अगदी बरोबर आहे.

शाळेत शिकलेलं विसरण, म्हणजे डिफ्यूजन, इथे उपयोगी पडतं. रेणू सतत वाट फुटेल तिकडे धावत असतात. जिथे गर्दी जास्त, तिथून बाहेर पडणारेही जास्त, म्हणून एकूण ओघ दाटीकडून विरळीकडे. कोणी ढकलत नाही, पेशीची ऊर्जाही खर्च होत नाही. 1855 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अॅडॉल्फ फिकने याचं गणित मांडलं. जवळच्या अंतरावर हे काम झटपट होतं, लांबवर रखडतं. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. लहान रेणूला पाण्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग पार करायला सेकंदाचा अंश पुरतो, एका सेंटिमीटरला मात्र कित्येक तास. ओठाच्या आतलं अस्तर मिलिमीटरभरही जाड नसतं आणि त्याच्या खालीच रक्तवाहिन्या.

पण मध्ये पेशींची पटलं, म्हणजे पातळ आवरणं, आहेत, आणि ती स्निग्ध. तुपात मीठ टाकून कितीही ढवळा, ते तळाशीच बसतं. विद्युतभार असलेले कण स्निग्ध थरात शिरत नाहीत. 1890 च्या दशकात झ्युरिकला अर्नेस्ट ओव्हर्टन या शास्त्रज्ञाने नाना पदार्थ पेशींवर लावून पाहिले. जे तेलात सहज विरघळतात ते पेशीत सहज शिरतात, असं त्याला दिसलं.

आता निकोटीन, तंबाखूतलं तलफ लावणारं द्रव्य. याची दोन रूपं असतात, एक भारित आणि एक भाररहित. पटलातून सुटतं ते दुसरं. कोणतं रूप किती, हे भोवतालच्या पीएचवर ठरतं. पीएच म्हणजे आम्लतेचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली. पीएच 8 ला दोन्ही निम्मी-निम्मी. 7 ला भाररहित जेमतेम 9 टक्के, 6 ला 1 टक्का, उलट 9 ला 91 टक्के. म्हणजे पीएच एकाने बदलला की भारित आणि भाररहित यांचं प्रमाण दहापट हलतं. लाळ साधारण 7 च्या आत-बाहेर. नुसती तंबाखू धरली तर बहुतेक निकोटीन भारित, बाहेरच ताटकळणार. चुन्याच्या निवळीचा पीएच 12 च्या वर. चिमूटभर चुन्याने ओठातल्या तंबाखूचा पीएच चढला की भारित निकोटीन भाररहित होतं आणि पटलातून आत घुसतं. पलीकडे रक्त 7.4 ला. तिथे त्यातलं सुमारे 80 टक्के पुन्हा भारित होतं आणि रक्त ते वाहून नेतं. त्यामुळे आतली बाजू विरळच राहते आणि ओघ थांबत नाही. तोंडातून चुकून गिळलेलं निकोटीन जठराच्या आम्लात भारित होतं, म्हणून जठरातून ते फारसं रक्तात जात नाही. तलफ भागवायला ओठच बरा, हे रसायनशास्त्र न शिकता माणसांनी शोधून काढलं! चुन्याने अस्तर भाजतं, तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हेही तितकंच खरं.

तंबाखू कधीच न खाणाऱ्या, पण तिच्या रानात राबणाऱ्या माणसालाही निकोटीन बाधतं. शेंडे खुडताना, फुटवे काढताना पानावर दहिवर असेल तर पानातलं निकोटीन त्या पाण्यात उतरतं आणि हातापायाला लागतं. त्वचा आम्लधर्मी, त्यामुळे भाररहित रूप तिथे अगदी थोडं. पण ते थोडं आत गेलं की उरलेल्या भारितातून तेवढंच नवं तयार होतं. सकाळभर ओल्यात राबलं की साठत जातं. मग मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी. 1970 मध्ये अमेरिकेत फ्लॉरिडातल्या तंबाखू मजुरांत याची नोंद झाली. गुजरातेतल्या मजुरांवर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अभ्यास केलेला आहे.

अशा वेळी नजर लागली म्हणून घरोघर मीठ-मोहऱ्या उतरून टाकतात. त्या मिठातला सोडियमही भारित. पेशीत शिरायला त्याला पटलातल्या प्रथिनांची खास वाट लागते. नजर कुठल्या वाटेने शिरते, ते मात्र उतरणारा कधी सांगत नाही.

त्रास बऱ्याचदा काही तासांनी, घरी आल्यावर सुरू होतो, म्हणून रानाशी त्याचा संबंध जोडला जात नाही. दहिवर वाळल्यावर पानाला हात लावावा. तेवढं थांबणं परवडत नसेल तर रबरी हातमोजे घालावेत, आणि भिजलेले कपडे अंगावर वाळू न देता रानातून येताच बदलून हातपाय साबणाने धुवावेत. कापडी मोजे नकोत. ते ओले झाले की दिवसभर निकोटीनचं पाणी कातडीला धरून ठेवतात.