राजदूत ३५० ची घरगुती पुनर्बांधणी

भारतात १९८० च्या दशकात बनलेली ‘राजदूत ३५०’ ही दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक मोटारसायकल मालकाच्या पडवीत, अंगणात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये पूर्ण सुटी करून पुन्हा जोडण्याची आणि जोडताना तिच्या काही भागांत सुधारणा करण्याची प्रथा. नुसत्या दुरुस्तीहून ही वेगळी आहे. दुरुस्तीत बिघडलेला भाग बदलतात. पुनर्बांधणीत इंजिन क्रँकपर्यंत (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्यापर्यंत) उघडून प्रत्येक भाग मोजतात आणि तो ठेवायचा की टाकायचा हे मापावरून ठरवतात. पिस्टनवरच्या रिंगा बदलून ‘इंजिनाचे काम काढले’ असे म्हणण्याचा प्रघात गॅरेजांत असला, तरी त्या कामाचा विचार येथे केलेला नाही.

गाडी व काळ : यामाहाने ‘आर. डी. ३५०’ १९७३ मध्ये बाजारात आणली आणि १९७६ मध्ये तिची जागा ‘आर. डी. ४००’ ने घेतली. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने काढलेली राजदूत ३५० या मालिकेतील १९७५ च्या ‘बी’ आवृत्तीवर बेतलेली आहे. भारतातील उत्पादनाचा आरंभ १९८३ असा बहुतेक ठिकाणी दिला जातो. शेवटाबाबत मात्र एकवाक्यता नाही. १९८९ व १९९० ही दोन्ही वर्षे आढळतात. उत्पादन थांबल्यावर शिल्लक गाड्यांची नोंदणी उशिरा झाल्याने हा फरक पडला असावा. जुनी गाडी विकत घेताना म्हणूनच नोंदणीपुस्तकातील वर्षापेक्षा इंजिन व चासी क्रमांकांवर भिस्त ठेवणे बरे.

‘आर. डी.’ या आद्याक्षरांचा अर्थ कोणी ‘रेस डिव्हेलप्ड’, तर कोणी ‘रेस डिराइव्ड’ असा लावतात. पहिल्याचा आशय शर्यतीतून घडलेली, दुसऱ्याचा शर्यतीच्या गाडीपासून निघालेली. दुसरा अर्थ शब्दशः घेतला तर अडचण येते. आडवे दुभागणारे क्रँककेस (क्रँक सामावणारी पेटी) १९७० च्या ‘आर. ५’ या यामाहाच्या रस्त्यावरच्या गाडीत होते, शर्यतीच्या ‘टी. आर. ३’ चे इंजिन त्यावरूनच पुढे उभे राहिले. त्यानंतरच्या पाण्याने थंड होणाऱ्या ‘टी. झेड. ३५०’ चे बोअर व स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास व पिस्टनची धाव) आर. डी. प्रमाणेच ६४ व ५४ मिमी. आहेत. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती आणि ‘डिव्हेलप्ड’ हा अर्थच वस्तुस्थितीला अधिक जुळतो. घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा वाद केवळ नावापुरता नाही. शर्यतीच्या इंजिनावर जगभर जे प्रयोग झाले त्यांतले बरेच या इंजिनाला लागू पडतात, ते या नात्यामुळे. भारतात तरुणांनी याच अक्षरांवरून ‘रॅपिड डेथ’ असे तिसरे नाव रूढ केले. त्याचे कारण इंजिनापेक्षा ब्रेकमध्ये शोधावे लागते : जपानी गाडीला पुढे डिस्क होती, भारतीय गाडीला ड्रम.

जपानी गाडीची शक्ती मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना ३९ अश्वशक्ती दिली जाते. भारतीय गाडीच्या दोन आवृत्त्या मालकमंडळींत ‘हाय टॉर्क’ व ‘लो टॉर्क’ या नावांनी ओळखल्या जातात. त्यांचे प्रचलित आकडे अनुक्रमे ३०.५ व २७ अश्वशक्ती असे आहेत. हाय टॉर्क आधीची, लो टॉर्क नंतरची. इंधन कमी जावे म्हणून हा बदल केला असे सर्वसाधारण मत आहे. दोहोंतील फरक कोणी केवळ सायलेन्सरचा मानतात, कोणी सिलिंडरच्या पोर्टचाही (भिंतीतील खिडक्यांचाही). आज रस्त्यावर असलेल्या अनेक गाड्यांत दोन्हींचे भाग सरमिसळ झालेले असल्याने पोर्टची उंची प्रत्यक्ष मोजल्याशिवाय इंजिन कोणते हे सांगू नये.

एक्झॉस्टचा प्रश्न : या टू-स्ट्रोक इंजिनात चार-स्ट्रोकसारख्या झडपा नसतात, पिस्टनच वर-खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो आणि झाकतो. जळालेला वायू बाहेर जात असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले काही त्याच्यामागून निसटते. ही गळती थोपवण्याचे काम सायलेन्सरच्या आकारावर सोपवलेले आहे. नळी पुढे रुंदावत जाते तेथून ऋण दाबाची लाट उलटी येते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते. त्यापुढे नळी निमुळती होते तेथून धन दाबाची लाट परतते आणि निसटू पाहणारे मिश्रण पोर्ट झाकण्याआधी आत ढकलते. परतीची वेळ नळीच्या लांबीवर व तापलेल्या वायूतील ध्वनीच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे हा लाभ फेऱ्यांच्या ठरावीक पट्ट्यातच मिळतो. त्या पट्ट्यात शिरताना गाडी एकाएकी उसळी घेते, त्याला मालक ‘किक मारली’ म्हणतात.

या रचनेचे श्रेय सामान्यतः पूर्व जर्मनीतील एम. झेड. कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांना दिले जाते. तत्पूर्वी एरिक वोल्फ यांनी डी. के. डब्ल्यू. या जर्मन कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांना रुंदावणाऱ्या नळ्या बसवल्या होत्या, असे दुसरा पक्ष दाखवून देतो. कल्पना वोल्फ यांची आणि मोजमाप करून तिला शास्त्र बनवण्याचे काम काडेन यांचे, असे म्हणणे न्याय्य ठरेल. एम. झेड. चे स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निघून गेले आणि सुझुकीत दाखल झाले. जपानी कारखान्यांत हे ज्ञान शिरले त्यात या घटनेचा वाटा मोठा मानतात. यामाहाने स्वतः किती शोधले आणि किती उचलले, याविषयी मतभेद आहेत.

लो टॉर्क गाडीला हाय टॉर्कचे किंवा घडवलेले ‘चेंबर’ (वर सांगितलेल्या आकाराचा सायलेन्सर) बसवणे ही म्हणूनच पहिली सुधारणा असते. ते बसवून कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे छिद्र) न बदलणे ही पहिली चूकही असते. चेंबर लागले की इंजिन जास्त हवा ओढते. पेट्रोल तितकेच राहिले तर मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापतो.

इंजिन उघडणे : केस आडवे दुभागत असल्याने इंजिन उलटे ठेवून खालचा अर्धा भाग उचलतात आणि क्रँक व गिअर वरच्या भागात जागच्या जागी दिसतात. उभ्या केसला लागणारा ओढा व दाब येथे लागत नाही. घरच्या घरी हे काम शक्य होते याचे मोठे कारण हीच सोय. अडचण येते ती बाजूच्या झाकणांच्या चौकडीच्या स्क्रूंची. जपानी मापाच्या या खाचेत साधा स्क्रू-ड्रायव्हर घसरतो आणि खाच गोल होते. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रू-ड्रायव्हर आणि अल्टरनेटरच्या रोटरचा योग्य पुलर (रोटर ओढून काढणारे साधन) ही दोन हत्यारे हाताशी नसतील तर काम सुरूच करू नये. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की लेथवाल्याकडे खेप ठरलेली. दोन अर्ध्या केसमध्ये पॅकिंग नसते, पातळ सीलंट असते. पान्याचे किंवा पेचकसाचे टोक घालून केस फोडण्याचा मोह झाला तर त्या सपाट पृष्ठावर कायमचा ओरखडा राहतो.

क्रँक दाबून बसवलेल्या तुकड्यांचा असून दोन्ही पिस्टन १८० अंशांवर चालतात. तो चार बेअरिंगांवर फिरतो. कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक हलवून पाहिल्यास बाजूला २ मिमी. पेक्षा जास्त जात असेल, तर खालचे बेअरिंग संपले असे समजतात. फिरवून पाहिल्यावर डायल गेजची सुई ०.०३ मिमी. च्या पुढे जाऊ नये. क्रँक घरी उघडता येत नाही. प्रेस आणि तो पुन्हा सरळ करणारा हात दोन्ही लागतात. महाराष्ट्रात हे काम करणारे कारागीर जुने आणि मोजके आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ओतकाम व यंत्रकामाच्या वसाहतींत प्रेस व लेथ सहज सापडतात, पण १८० अंशांचा क्रँक पूर्वी बसवला आहे का, हे विचारून घ्यावे.

हवाबंदपणा : टू-स्ट्रोकचे क्रँककेस हा पंप आहे, ही गोष्ट चार-स्ट्रोकवर हात बसलेले मिस्त्री विसरतात. क्रँकच्या दोन टोकांना ऑइल सील असतात. उजवे सील क्लचच्या बाजूला असते. ते गेले तर गिअरबॉक्सचे तेल आत ओढले जाते, पांढरा धूर निघतो आणि गिअर-तेल कमी होत जाते. डावे सील अल्टरनेटरच्या कोरड्या बाजूला. ते गेले तर धूर निघत नाही, फक्त हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि काही दिवसांनी भर वेगात पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरात अडकून बसतो. पिस्टन व रिबोअर (सिलिंडर आतून कापून मोठा करणे) यांवर हजारो रुपये खर्चून जुने सील तसेच ठेवणे ही या गाडीच्या बाबतीत सर्वांत वारंवार दिसणारी आणि सर्वांत खेदजनक चूक आहे.

जोडलेले इंजिन चौरस इंचाला ६ पौंड दाबाला सहा मिनिटे तपासण्याची पद्धत रूढ आहे. त्यासाठी घरी वापरली जाणारी युक्ती नोंदवण्याजोगी आहे. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट सायकलच्या ट्यूबचा तुकडा व लोखंडी पट्टी लावून बंद करतात, एक इन्टेक (मिश्रण आत येण्याचे तोंड) रबरी बुचाने बंद करतात आणि दुसऱ्यात रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची नळी बसवतात. त्याच्या तबकडीवरचे ३०० मिमी. पारा म्हणजे सुमारे ५.८ पौंड, हा योगायोग कामाला येतो. फुगा दाबून काटा ३०० वर आणायचा आणि साबणाचे पाणी ब्रशने फिरवायचे. सीलच्या ओठावर, सिलिंडरच्या पायाशी, रीडच्या (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ पात्यांच्या) पॅकिंगला जेथे बारीक फेस उकळल्यासारखा वर येतो तेथे गळती. दोन क्रँक-खणांमध्ये रबरी सील नसून चक्रव्यूही खाचांचे कडे असते आणि त्यातून हवा थोडी झिरपतेच, म्हणून दोन्ही बाजू एकत्रच तपासाव्या लागतात. एकच सिलिंडर तपासून निष्कर्ष काढल्यास तो फसवा निघतो.

पिस्टन व सिलिंडर : काढलेला पिस्टन पुसण्याआधी वाचावा. पिनच्या दोन्ही अंगांना मिळून चार ठिकाणी उभे ओरखडे असतील तर थंड इंजिन एकदम पळवले होते. ओरखडा फक्त एक्झॉस्टच्या अंगाला असेल तर मिश्रण पातळ किंवा तेल अपुरे. माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसली तर स्फोटक ज्वलन, आणि मधोमध भोक पडले असेल तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) फार आधीचे किंवा प्लग चुकीचा. कारण न शोधता नवा पिस्टन घातला की तोही त्याच वाटेने जातो.

रिबोअर ०.२५ मिमी. च्या पायऱ्यांनी करतात. चौथ्या पायरीला बोअर ६५ मिमी. आणि घनक्षमता ३४७ वरून सुमारे ३५८ घन सेंमी. होते, ही वाढ शक्तीसाठी नव्हे, झिजेपोटी असते, त्यामुळे पहिल्याच वेळी मोठ्या मापाला जाऊ नये. आधी पिस्टन हातात घ्यावा, मायक्रोमीटरने मोजावा आणि मग त्याच्या मापाला बोअर करून घ्यावा. उलटा क्रम चालत नाही. फट शतांश मिलीमीटरच्या चार-पाच घरांत ठेवतात. रिंगेच्या टोकांतील अंतर ०.३ ते ०.५ मिमी. बोअरनंतर प्रत्येक पोर्टची धार बारीक कानशीने मोडणे आवश्यक असते. तशीच राहिली तर रिंग अडकून तुटते. रिंगेची टोके खाचेतील खुंटीवर बसली पाहिजेत आणि पिस्टनवरचा बाण पुढे, एक्झॉस्टकडे हवा. पिनच्या सर्क्लिपा (पिन जागेवर धरणाऱ्या कड्या) पुन्हा वापरू नयेत.

इग्निशन : मूळ रचनेत दोन सिलिंडरांना दोन पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क) आहेत आणि टायमिंग पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी २ मिमी. वर, प्लगच्या भोकात डायल गेज बसवून, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे जुळवतात. पॉइंटची फट ०.३ ते ०.४ मिमी. झिजल्यावर दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत, म्हणून इलेक्ट्रॉनिक इग्निशन ही सुधारणा बहुमान्य आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती चेंबरच्याही आधी करावी.

इतर सुधारणा : पोलादी रीडऐवजी फायबरचे रीड, नवीन गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक, रुंद टायर. ब्रेक बदलणे शक्ती वाढवण्यापूर्वी व्हावे. तेलाचा स्वयंचलित पंप काढून पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची पद्धत शर्यतीतून आली. रस्त्यावर तिची गरज नाही, पंपातील हवा नीट काढली की तो वर्षानुवर्षे चालतो.

सुटे भाग : मूळ भाग कमी होत चालले आहेत. दिल्लीचा करोल बाग, मुंबईत कुर्ल्याचा बाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार येथे शोध घेतला जातो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढते, त्यामुळे सर्व राजदूत ३५० आज नूतनीकरणावरच चालतात. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढील दुचाकींना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला आहे. सर्वांत जुन्या भारतीय गाडीला तो २०३३ मध्ये मिळू शकेल, मात्र चासी व इंजिन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. त्यामुळे काढलेले पॉइंट, मूळ ड्रम आणि सायलेन्सर तेल लावून, गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवण्याची पद्धत जाणत्या मालकांत पडू लागली आहे.