कॅल्शियम कमी का? हाताचा एक्स-रे काय सांगतो, काय नाही

हातापायांना मुंग्या, मध्येच बोटं आखडणं, रक्तात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. मूत्रपिंडं ठीक असतील तर संशय गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींवर जातो. गल्लत होते ती इथे, कारण हेच चित्र दोन आजारांत दिसतं.

हायपोपॅराथायरॉइडिझममध्ये रक्तातलं कॅल्शियम टिकवून धरणारं पॅराथायरॉइड हॉर्मोनच (पीटीएच) पुरेसं तयार होत नाही. मोठ्या माणसांत बहुतेकदा थायरॉइडचं ऑपरेशन कारणीभूत असतं. शेजारच्या या इवल्याशा ग्रंथी त्यात निघतात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. स्यूडो-हायपोपॅराथायरॉइडिझममध्ये हॉर्मोन भरपूर असतं, शरीर त्याला दाद देत नाही. फुलर ऑलब्राइट यांनी १९४२ मध्ये तो प्रथम मांडला.

दुसऱ्या आजाराच्या १ए प्रकारात हात बोलतो. मूठ वळली की अनामिका आणि करंगळीच्या मुळाशी उंचवट्याऐवजी खळगा पडतो. एक्स-रेवर या दोन बोटांच्या तळहातातल्या हाडांची टोकं जोडणारी रेषा ओढून पुढे न्यायची. एरवी ती मधल्या बोटाच्या हाडाच्या टोकापलीकडून जाते. हाडं आखूड असतील तर त्या टोकालाच छेदते. ऑपरेशननंतरच्या हायपोपॅराथायरॉइडिझममध्ये असं होत नाही.

पण एवढ्यावर निदान ठोकू नये. तान्ह्या बाळात ही खूण सहसा दिसत नाही, १बी प्रकारात बहुधा नसते, टर्नर सिंड्रोममध्ये (मुलींमधला एक जन्मजात गुणसूत्रदोष) असू शकते आणि एखाद्या धडधाकट माणसातही सापडते. शिवाय १ए प्रकाराच्या मुळाशी असलेला जीएनएएस जनुकातला दोष वडिलांकडून आला, तर हाडं तशीच आखूड पण रक्त नॉर्मल! त्याला स्यूडो-स्यूडो-हायपोपॅराथायरॉइडिझम म्हणतात. नाव थट्टेचं वाटलं तरी वैद्यकात अधिकृत आहे. तोच दोष आईकडून आला तर रक्तही बिघडतं.

हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन तर चकवतोच. हायपोपॅराथायरॉइडिझममध्ये कण्याची घनता बऱ्याचदा जास्त येते आणि रुग्ण खूश होतो. प्रत्यक्षात जुनं हाड मोडून नवं घडण्याचं काम मंदावलेलं असतं. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये दिसणारे कॅल्शियमचे ठिपके दोन्ही आजारांत असतात, त्यामुळे फरक कळायला त्यांचा उपयोग नाही.

निकाल रक्तच देतं. कॅल्शियम कमी असताना पीटीएचही कमी, किंवा नुसतं 'नॉर्मल', आलं तर पहिला आजार. चढलेलं आलं तर दुसरा. मॅग्नेशियम आणि ड जीवनसत्त्व मात्र सोबतच तपासायला हवं: मॅग्नेशियम फार घटलं तर पीटीएच दबतं, ड जीवनसत्त्व कमी असलं तर ते चढतं.