गाडी गार असतानाच आणा
सकाळच्या स्टार्टिंगचा त्रास आणि धूर: जुनी दुचाकी घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

दिवाळी उलटली की आमच्या गॅरेजात रोज हेच चालतं. ग्राहक म्हणतो, "सकाळी स्टार्टच होत नाही हो, वीस-वीस किका मारतो." आम्ही किक मारतो. अर्ध्या किकेत गाडी चालू. "आत्ता बरी झाली!" म्हणत ग्राहक ओशाळतो. होणारच की. जुळे सोलापूरहून तुम्ही ती चालवत आणलीत, इंजिन तापलंय. गार इंजिनातच दिसणारा बिघाड तापलेल्या इंजिनात आम्ही शोधायचा कुठं?

हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच छापलं आहे. स्टार्टिंगची किंवा धुराची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी लावून जा. सकाळी पहिली किक आम्ही मारू, तुम्ही आलात तर तुमच्यासमोरच. काहींना वाटतं, हे गाडी अडकवून ठेवतात आणि मग काम वाढवतात. रात्रीचे पैसे आम्ही घेत नाही. आणि टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हना (झडपांना) ढकलणारे भाग, तर गार इंजिनातच सेट करावे लागतात. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट 0.05 मिमी असते, झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीच्या साधारण निम्मी. तापलेल्या इंजिनात ती बरोबर मोजता येत नाही. टॅपेट टाइट राहिले तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं आणि मग सकाळी किका मारत बसावं लागतं. तुम्ही अकरा वाजता गरम गाडी आणून "जरा बघून द्या, थांबतो" म्हणालात तर ती गार होईपर्यंत तुमचाही दिवस जातो, आमचाही.

यात आमचीही एक चूक सांगतो. गेल्या हिवाळ्यात एक काका सेकंडहँड घेतलेली शंभर सीसीची गाडी घेऊन तीनदा आले, तिन्ही वेळा गरम. आम्ही अंदाजानं एकदा प्लग बदलला, एकदा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ केला. त्यांचे पैसे गेले, त्रास तसाच. दुसरीकडं कुणीतरी त्यांना थेट रिंग-पिस्टन आणि बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतलं मोठं काम सांगितलं होतं. चौथ्या वेळी आम्हीच म्हणालो, काका, ठेवून जा. सकाळी साडेसातला सायलेन्सरसमोर टॉवेलच्या कारखान्यातली पांढरी कात्रण धरली. सहाव्या किकेला गाडी उठली आणि भसकन निळा धूर आला, जळक्या ऑइलच्या वासाचा. मिनिटभरात धूर गायब. कात्रणावर पिवळट तेलकट डाग. प्लग काढला तर टोक ऑइलनं ओलं. कॉम्प्रेशन मोजलं, सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, आकडा फारसा हलला नाही. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं फट भरून आकडा वाढला असता. म्हणजे रिंगा ठीक होत्या. गेलेले होते व्हॉल्व्हचे सील, म्हणजे वरचं ऑइल अडवणारी रबरं. उष्णतेनं त्यांचं रबर कडक होतं, रात्रभर ऑइल थेंब-थेंब खाली झिरपतं आणि सकाळी पहिल्यांदा तेच जळतं. सील बदलले. बोअरच्या कामाच्या मानानं खर्च किरकोळ. काका आता भाच्याची गाडीही आमच्याकडेच आणतात.

आता धुराचं बोलू, कारण सगळ्यात जास्त घाबरवून सोडणारी गोष्ट तीच.

थंडीच्या सकाळी पांढरी वाफ आली, सायलेन्सरच्या टोकातून पाणी ठिबकलं आणि चार-पाच मिनिटांत थांबलं, तर गाडीला काही झालेलं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. गार सायलेन्सरमध्ये ते वाफेतून पुन्हा पाणी होतं, एवढंच. फक्त घर ते कोपऱ्यावरचं दूध, एवढीच गाडी चालत असेल तर हे पाणी आत साचून सायलेन्सर आतून गंजतो. आठवड्यातून एकदा तरी गाडी पंधरा-वीस किलोमीटर पळवा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो कधी येतो ते पाहा. सकाळी पहिल्यांदा येऊन थांबत असेल, किंवा तुळजापूरहून परतताना घाट उतरून झाल्यावर रेस देताच मागं लोट येत असेल, तर संशय सीलवर. डबलसीट असताना, रेस पिळत राहाल तोवर धूर येत राहिला तर रिंगांवर. त्याआधी ऑइलची लेव्हल मात्र बघा. सपाट जागी, मधल्या स्टँडवर. काही गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. आटे फिरवून बघितलं की लेव्हल जास्त दिसते आणि माणूस कमी ऑइलवर गाडी फिरवतो. उलट, कुणी "थोडं जास्तच असू द्या" म्हणून जादा ओतलं असेल तर ते ब्रीदरमधून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं आणि चांगली गाडीही धूर मारायला लागते. अशी गाडी आम्ही जादा ऑइल काढून, फिल्टरचा डबा पुसून त्याच दिवशी परत देतो.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. निम्म्या वेळा चोक (गार इंजिनासाठी पेट्रोल वाढवणारा खटका) ओढलेलाच राहिलेला असतो. नाहीतर एअर फिल्टर तुंबलेला. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहेच, एमआयडीसीच्या रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्याचा फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरआधीच काळा होतो. टू-स्ट्रोकवाल्यांनी (ज्यांच्या गाडीत पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं) हा परिच्छेद आणि मागचा, दोन्ही सोडून द्यावेत. तुमच्या गाडीचा धूर हा वेगळा विषय आहे.

चोकबद्दल एक सवय मोडा. चोक ओढून वर रेस पिळायची नाही. चोक काम करतो तो कार्बोरेटरच्या ओढीवर, आणि रेस उघडली की ती ओढच जाते. चोक पूर्ण, रेस बंद, तीन-चार किका. गाडी उठली की हळूहळू चोक आत. पेट्रोलचा वास येऊन गाडी ओव्हर झाली (पेट्रोल जास्त गेलं) असेल तर उलट करा: चोक बंद, रेस पूर्ण उघडी, किका मारा. दोन-तीन महिने उभी असलेली गाडी सुरू होऊनही स्लोला (रेस सोडल्यावर) टिकत नसेल तर जुन्या पेट्रोलनं पायलट जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारं बारीक भोक, बुजलेला असतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते ओलावा धरतं. म्हणून कार्बोरेटरची गाडी ठेवून जाताना खालचा स्क्रू सैल करून बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल काढून ठेवा.

2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असतं, त्यांना चोकच नाही, तो शोधू नका. चावी फिरवली की टाकीतून पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा 'सूंऽऽ' आवाज थांबू द्या, दोन-तीन सेकंद, मग बटण. बॅटरी पार उतरली असेल तर बहुधा तो पंपच फिरत नाही, त्यामुळे गल्लीतल्या चार पोरांनी धक्का मारूनही सहसा उपयोग नाही.

गाडी आणण्याआधी कृपया हे करू नका: प्लग काढून घासू नका. त्याचा रंग हाच आमचा पुरावा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त, ओला तेलकट असेल तर ऑइल. धूर दबावा म्हणून घट्ट ऑइल टाकू नका. जिथं 10डब्ल्यू-30 सांगितलंय तिथं 20डब्ल्यू-50 (त्याहून घट्ट) टाकलं की सकाळची किक आणखी जड होते. आणि कारचं ऑइल तर नकोच, मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. डब्यावर 'जासो एमए' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का ते बघा. आम्ही ठेवतो ते त्याच दर्जाचं आहे, पण तुम्ही बाहेरून आणलंत तरी टाकून देऊ.

अजून गाडी घेतली नसेल तर विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाजवळ हात न्या. गरम लागलं तर चहा घेऊन दोन तासांनी या किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जा. नुकतीच काढलेली पीयूसी दाखवली म्हणून निश्चिंत होऊ नका, ती तापलेल्या इंजिनावर काढलेली असते. हवं तर गाडी रात्री आमच्याकडे लावायला सांगा. सकाळची तपासणी 150 रुपये. पुढं काम निघालं आणि आमच्याकडे केलं तर ते बिलातून वजा.

गाडी संध्याकाळी सात ते साडेआठ लावून घेतो. पेट्रोल निदान अर्धा लिटर असू द्या, चावी आणि गाडी काढताना मिळालेली पुस्तिका असेल तर ती द्या. डिकीतलं सामान काढून घ्या. सोमवारी बंद. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक असते त्या दिवशी आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, तेव्हा आदल्या दिवशीच या किंवा मिरवणूक होऊ द्या.