बाहेरून धडधाकट, आतून बंद: जुन्या लष्करी जीपचा ब्रेक होज

13 सप्टेंबर 1948 रोजी निजामाच्या हैदराबादवर भारतीय सेनेची मुख्य चढाई झाली ती सोलापूरच्या बाजूने, मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली, आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. त्या काळी सेनेकडच्या जीपा आणि ट्रक बहुतेक दुसऱ्या महायुद्धातले होते. त्या अमेरिकन विलिस जीपा, नंतरच्या महिंद्रा, जबलपूरच्या कारखान्यातल्या जोंगा अशा गाड्या पुढे लिलावातून बाहेर पडल्या आणि शेतांवर, हौशी लोकांच्या दारात आल्या. अशी गाडी कुणी घेतली की आधी इंजिन उघडतं, मग रंग होतो, टायर बदलतात. चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारा वीत-दीड वीत लांबीचा रबरी होज, म्हणजे नळी, मात्र जागच्या जागी राहतो. माझ्या मते पहिला पाना तिथेच लागायला हवा.

या नळीवर किती भार येतो ते पाहा. पायाने पेडलवर 30 किलोचा जोर दिला आणि पेडलच्या दांड्याने तो पाचपट केला, तर झाला 150 किलो. पेडलच्या जोराने ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या एक इंच व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे 5 चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 30 किलो दाब. टायरमध्ये तो दोन किलोच्या आसपास असतो. पास्कलच्या नियमाप्रमाणे हा दाब बंदिस्त ऑइलमध्ये सगळीकडे सारखा पोचतो. चासीवर त्याला स्टीलचा पाइप पुरतो, पण ॲक्सल स्प्रिंगवर वरखाली होतो आणि पुढची चाकं वळतात, म्हणून तेवढ्या तुकड्यात रबर घ्यावंच लागतं. जुन्या जीपांत मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. एक होज फुटला की पेडल तळाला जातं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. हाती उरतो फक्त हँडब्रेक.

होजमध्ये दाब झेलतं ते सूत. आत रबरी नळी, तिच्यावर धाग्यांची विणलेली जाळी आणि वरून पुन्हा रबर अशी त्याची रचना. दाबलेल्या नळीच्या भिंतीत घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो. त्यामुळे धागे नळीच्या अक्षाशी सुमारे 55 अंशांत तिरके घेतले तर नळी दाबाखाली लांबतही नाही, आखडतही नाही. उभ्या-आडव्या धाग्यांत वाढलेल्या सोलापूरकराने हा तिरका हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा, फार सुंदर आहे.

रबराचं वय किलोमीटरवर मोजू नये. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये गंधकाने रबर पक्कं करण्याची रीत शोधली, तरी त्याच्या रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध उरतातच आणि हवेतला ओझोन ते तोडतो. भेगा ताणाला काटकोनात पडतात, म्हणून होज जिथे वाकलाय तिथे बाहेरच्या अंगाला पाहावं. ऑक्सिजनने रबर कडक होतं आणि उष्णतेने हे काम वेगाने चालतं. सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, वर्षभर न हललेल्या गाडीचा होजही म्हातारा होत असतो.

बाहेरच्या भेगा निदान दिसतात. खरा घात आत होतो. चुकीच्या ऑइलने किंवा वयाने आतलं रबर फुगतं, त्याचा पापुद्रा सुटतो आणि मधलं भोक सुईएवढं उरतं. पायाच्या जोराने ऑइल त्यातून चाकाकडे जातं. परत ढकलायला मात्र ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेक शूच्या स्प्रिंगांचा जोर तेवढाच असतो आणि तो पुरत नाही. होज सायकलच्या व्हॉल्व्हसारखा एकेरी वाट होऊन बसतो. चाक धरून राहतं, ड्रम तापून हात लावू देत नाही, गाडी एका बाजूला ओढते. मग शूवरचे लायनर बदलतात, शू ढकलणारा चाकातला व्हील सिलिंडर बदलतो, आणि दोष तसाच राहतो. असा काढलेला होज ब्लेडने उभा चिरला की आतली काळी, लिबलिबीत भिंत मधोमध टेकलेली दिसते. वरचं आवरण तेव्हाही चकचकीत असू शकतं. होज पकडणाऱ्या लोखंडी क्लिपखाली गंज फुगूनही नळी अशीच आवळली जाते.

ओळखायचं कसं? गाडी सपाट जागी उभी करून बाकीच्या चाकांना उटी (दगड किंवा पाचर) लावा, हे चाक जॅकवर घ्या, पेडल दाबून सोडा. चाक फिरत नसेल तर होजच्या वरचा, स्टील पाइपकडचा सांधा सैल करा. चाक सुटलं तर दाब वरूनच अडकतोय, मास्टर सिलिंडर आणि पेडलचा खेळ तपासा. नाही सुटलं, तर व्हील सिलिंडरचं हवा काढायचं निपल सैल करा. आता ऑइल उडून चाक मोकळं झालं की दोष होजचाच. तरीही घट्टच असेल तर ड्रम उघडा.

होजची दुरुस्ती नसते. टेप, क्लिप, मधला सांधा यातलं काहीही चालत नाही. जुन्या साठ्यातला सीलबंद होजही नको, पुडक्यात राहूनही रबराचं वय वाढतंच. नवा घेताना आटे बघा. विलिसच्या काळातले आटे इंचाचे, आजचे मिलिमीटरचे. तीन अष्टमांश इंच म्हणजे 9.525 मिलिमीटर, असा नट 10 मिलिमीटरच्या भोकात चार वेढे आरामात जातो, बसल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली आटे सोडतो. होज बसवताना पीळ पडू देऊ नका, तांब्याचे वॉशर नवेच वापरा. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून आणि चाक लटकतं ठेवून होज कुठे घासत नाही, ताणला जात नाही हे बघा. ऑइलमधली हवा काढताना सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने करा.

शेवटी ऑइल. जुन्या काळी ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोलचं मिश्रण असे. आज ग्लायकॉलचं डॉट 3 किंवा डॉट 4 मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं: डॉट 3 चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश, पाणी मुरल्यावर 140 पर्यंत उतरतो. धरून राहिलेल्या चाकाजवळ तेवढी उष्णता सहज होते, ऑइलची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. सिलिकॉनचं डॉट 5 पाणी ओढत नाही, पण ते ग्लायकॉलमध्ये मिसळायचं नाही. आणि इंजिन ऑइल चुकून ब्रेक ऑइलच्या टाकीत गेलं असेल तर एक होज बदलून भागणार नाही. सगळे होज, सगळे रबरी कप बदला आणि स्टीलचे पाइप धुऊन घ्या.