उद्यमबागेतला प्रोग्रॅम आणि शाळेतलं कासव

बेळगावात कोडिंग शाळेआधी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत पोचलं. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग सीएनसीवर, म्हणजे लिहिलेल्या हुकमांवर चालणाऱ्या मशीनवर बांधायचं. जी00 म्हटलं की टूल झपकन जागेवर, जी01 म्हटलं की ठरल्या वेगानं सरळ रेषेत काप, एम30 ला प्रोग्रॅम संपला. आकड्यापुढचा पॉइंट विसरला, तर काही कंट्रोल 50 मिलिमीटरचे 0.05 समजतात. ऑपरेटर याला कोडिंग म्हणत नाही. तो म्हणतो, ‘प्रोग्रॅम टाकला’. त्याच्या घरची मुलं मात्र शाळेत संगणकाची चित्रं रंगवत होती.

शाळकरी मुलांसाठीची पहिली भाषा, लोगो, 1967 ची. अमेरिकेत वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि गणितज्ञ सिमोर पॅपर्ट यांनी ती घडवली. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासव आलं. पुढे 100, उजवीकडे 90 अंश, असं चारदा केलं की चौकोन. गंमत अशी, की हे शिकायला कासवही लागत नाही. व्हरांड्यात एका पोराला उभं करा, दुसऱ्यानं हुकूम द्यायचे. तो भिंतीवर जाऊन आपटला की चूक कुठल्या ओळीत होती, ते सगळ्यांना कळतं.

भारतात 1984-85 मध्ये केंद्राच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. आमच्या वाट्याला संगणक आला तो बराच नंतर, आणि तोही कुलूपबंद खोलीत. चपला बाहेर, हात मागे.

खरा फरक पडला तो खर्चात. इटलीतल्या इव्रेयात 2005 साली आर्डुइनो हा दिवे, मोटर चालवणारा छोटा, स्वस्त बोर्ड तयार झाला आणि 2007 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचं स्क्रॅच आलं, पडद्यावरचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा. अर्धविराम चुकला म्हणून अडून बसणं संपलं. ठोकळे जोडले की काम सुरू. मग 2016 मध्ये नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः जोडून-मोडून शिकायची प्रयोगशाळा आली: सहावी ते बारावीसाठी, शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंही कोडिंग मधल्या इयत्तांपर्यंत आणलं.

पण या लॅबसाठी जागा लागते, पुरेसा पट लागतो. खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्ट्यात मराठी शाळांच्या दोन-दोन इयत्ता एका खोलीत बसतात. तिथं अर्ज भरण्याआधीच गाडी अडते. किट मिळालंच तर सोबतचं पुस्तक इंग्रजीत. घरी मराठी, बाजारात कन्नड, पुस्तकात इंग्रजी हे इथल्या मुलाला नवं नाही, पण ‘सेन्सर’ आणि ‘लूप’ एकाच तासात अंगावर आले की तोही गप्प बसतो.

मला विचाराल तर किटाआधी ‘जर-तर’ शिकवावं. अट आली की पुढचं आपोआप कळतं. एकदा एलईडीची लुकलुक दाखवताना सातवीतला एक पोरगा म्हणाला, “सर, बाबांच्या मशीनवर बी असंच असतंय की.” मी त्याला दुसऱ्या दिवशी बाबांच्या प्रोग्रॅमच्या चार ओळी वहीत उतरवून आणायला सांगितल्या. त्यानं पाच आणल्या, शेवटची एम30.